शालिकची दहा बोटं

फोटोच्या एका शीटवर आठ फोटो निघतात. गिऱ्हाईक सहा कापून नेतं आणि दोन माझ्या टेबलाच्या खणात पडून राहतात. न्या म्हटलं की म्हणतात, "राहू द्या भाऊ, मागून लागतीन." मागून कोणी येत नाही. आलाच तर त्याला नवीन फोटो पाहिजे असतो, कारण मधल्या काळात डोक्यावरचे केस गेलेले असतात!

किस्स्यांचंही तसंच आहे बघा. ज्याच्यासोबत घडतात तो विसरतो आणि ते जमा माझ्याकडे होतात. नागभीडला रेल्वे फाटकाजवळ माझं दुकान आहे. आधी नुसता फोटो स्टुडिओ होता, आता फोटो, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. खण उपसला की आपली माणसं कोणत्या काळात कुठे कामाला गेली ते एकेक थरानं निघतं. सगळ्यात खाली नोकरीच्या कार्डाचे ब्लॅक अँड व्हाइट. त्यावर घुग्घुसच्या कोळसा खाणींचे आणि सिमेंटचे गेटपासवाले. आणि सगळ्यात वर पांढऱ्या पडद्यासमोरचे, दोन्ही कान दिसणारे. हे परदेशाचे. वर्क परमिट, व्हिसा, काय काय भानगडी.

त्यातल्या एका फोटोवर माझा हात अडतो. तो शालिकचा. पण आधी शर्टाचं ऐका.

* * *

परदेशाच्या फोटोला मागे पांढरा पडदा लागतो. आणि आमच्या तालुक्यातला माणूस महत्त्वाच्या कामाला निघाला की घालतो काय? पांढरा शर्ट! पांढऱ्यावर पांढरं. खांदे गायब, नुसतं मुंडकं हवेत. पहिले चार फॉर्म असेच वापस आले.

मी वैतागलो. बाजारातून एक गडद निळा शर्ट आणला, पाठीत उभा कापला आणि खिळ्याला टांगला. आला माणूस की, "काढा ते पांढरं, हे घाला." बारीक असला तर पाठीमागे चिमटे लावायचे, जाडा असला तर पाठ उघडीच ठेवायची. समोरून साहेब, मागून उघडा!

वर्षभरानं नागपूरच्या एजंटच्या ऑफिसातून एका मॅडमचा फोन आला. बिचारी जपून बोलत होती.

"भाऊ, राग नका मानू, पण तुमच्या तालुक्यात शर्ट एकच आहे का?"

मी म्हटलं, "एकच आहे मॅडम. पण दर शनिवारी धुतो ना!"

त्या शर्टात पहिला बसला तो शालिक.

* * *

शालिक आमच्या फाटकापासून दोन कोसांवरच्या तळ्याकाठच्या गावचा, ढिवर मोहल्ल्यातला. तळ्यात जाळं टाकायचं, थोडं धान पिकवायचं, उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी. घरी बायको वच्छला, पोरगी पल्लवी आणि म्हातारी आई कौसल्याबाई. पल्लवीला नर्सिंगला घालायचंच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि तळं काही तेवढं देत नव्हतं.

माझ्या जिभेला हाड नाही. मीच म्हटलं, "अरे, मंग बाहेर काऊन नाही जात?"

फॉर्म भरायला बसलो. एक रकाना होता, ट्रेड.

"लिहा ना, मासे," शालिक म्हणाला.

"मासे ट्रेड नसते बे!"

एजंटला फोन केला. तो म्हणाला, आखातात रिगर पाहिजेत. क्रेननं वजन उचलायच्या आधी ते दोरखंडानं, साखळीनं बांधतो तो रिगर. "दोरी बांधता येते का?" असं त्यानं विचारलं तेव्हा शालिक नुसता हसला.

नागपूरला ट्रेड टेस्ट होती. सोबत मी गेलो. परीक्षा घेणारे साहेब मिशीवाले, कडक. त्यांनी एक लोखंडी पाइप आणि दोरी पुढे टाकली. बाकीचे लोक पुस्तकातल्यासारख्या गाठी मारत होते. शालिकनं आधी चप्पल काढली. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, दुसरं दातात, आणि दोन्ही हातांनी असं काही केलं की मला दिसलंच नाही. मी फोटोवाला असून!

साहेबांनी गाठ ओढली, पिरगाळली, पेचकस घालून पाहिला. घाम आला त्यांना. म्हणाले, "सोडून दाखव."

"साहेब, हे सुटाची गाठ नोहे," शालिक म्हणाला. "हे सुटली तं मासा जाते."

साहेबांनी चाकू मागवून दोरी कापली आणि कागदावर पास लिहिलं.

* * *

आता कौसल्याबाई. तिला मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "पाह्यलं तेवढं पुरे झालं बापा." माणूस ती आवाजावरून ओळखायची, पण भरवसा ठेवायची हातावर. आलेल्याचा हात धरायचा, चाचपायचा, मग बोलायचं.

निराधारच्या फॉर्मसाठी शालिकनं तिला दुकानात आणलं. पायरी चढताना मी हात दिला, तर सोडेचना! बाजारात वांगी दाबून पाहावीत तसा तिनं माझा पंजा दाबून पाहिला.

"फोटोवाल्या, तुयी बायको मोठी कामाची हाय वाटते."

"काऊन बाई?"

"तुया हात सांगून राह्यला ना, तू काईच नाई करत!"

बाकावर बसलेले लोक असे हसले की मी दोन दिवस शटरला हात लावताना स्वतःच्या पंजाकडे पाहत होतो.

त्यांच्या मोहल्ल्यात जाळं विणणाऱ्या, ओढणाऱ्या प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक खाच असते. सूत घासून घासून पडलेली. कौसल्याबाई माणूस तिथे तपासायची. तिच्या पुतणीला पाहायला ब्रह्मपुरीचा पोरगा आला होता. मोबाइलच्या दुकानात होता, देखणा, चांगला कमावता. सगळ्यांना पसंत. म्हातारीनं त्याचं बोट हातात घेतलं आणि भर बैठकीत बोलली, "गोरा असन, मले दिसत नाई. पन याच्या बोटाले खाच नाई. याचं जाळं कोन ओढते, याचा बाप?"

मोडलं ना लग्न!

* * *

नागपूरला व्हिसाच्या ऑफिसात दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. शालिक काचेपलीकडे बसला. तिथल्या मॅडमनी मशीन पुसलं, त्याची बोटं पुसली, ओल्या कापडानं, सुक्या कापडानं. लाल दिवा. पुन्हा लाल. जाळ्याच्या सुतानं, चिखलानं, चुन्यानं बोटांवरच्या रेघा कधीच्याच खाऊन टाकल्या होत्या. शेवटी मॅडम कंटाळून म्हणाल्या, "काका, तुमच्या बोटांवर काहीच नाही."

शालिकनं दोन्ही पंजे काचेला टेकवले. "काऊन नाई बाई? दहाच्या दहा हायेत. मोजा."

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. शालिकला कळलंच नाही लोक कशाला हसले ते. येताना एस.टी.त उमरेड गेलं, भिवापूर गेलं, तरी तो खिडकीच्या उजेडात आपली बोटं उलटीसुलटी करून पाहत होता.

"मंग आता, मनोहरभाऊ? पल्लवीचा फारम भराची तारीख जाऊन राह्यली."

आता मी गप्प बसायचं की नाही? पण आपल्याला सगळं माहीत! मी म्हटलं, "एक महिना कामाला हात लावायचा नाही. जाळं नाही, चिखल नाही, काही नाही. रोज ग्लिसरीन चोळायचं, वरून हातमोजे घालायचे. रेघा वापस येतात."

आणि बाटली मीच घेऊन दिली.

* * *

असंच एकदा घुग्घुसला माझ्या साळ्याच्या दुकानात बसलो होतो. त्याच्याकडे आधारचं मशीन आहे. सिमेंटच्या कारखान्यात मशिनरी बसवायला परदेशातून एक इंजिनियर आला होता. आपले लोक तिकडे जातात तसा तो इकडे आला होता, वर्षाच्या परमिटवर. इथे राहून बरेच महिने झाले म्हणून त्याचं कार्ड काढायचं होतं. दुकानात शिफ्ट सुटलेले लोक उभे. सगळ्यांच्या अंगावर धूळ, सगळ्यांचे ठसे अडकलेले.

साहेबानं बोट ठेवलं. टिंग! हिरवा दिवा. दुसरं बोट, टिंग! दहाही बोटं, एका दमात.

मागे एक लोडर बराच वेळ आपला अंगठा पँटला घासत उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेबाले आजून काम लागलं नाई वाटते."

* * *

शालिकचा तो महिना नेमका मे. लग्नसराई. मोजे घालून तो ओट्यावर बसलेला आणि पाण्याला जाणाऱ्या बाया त्याला सोडतात का?

"वच्छलाबाई, शालिकभाऊले हयद लागली का वो? बाहीर नाई निंगू देत!"

"कुठची हाय नवरी? आमाले सांगतलं नाई!"

शालिक मोजे मांडीखाली लपवायचा. वच्छला हसण्यावारी न्यायची, पण घरातलं, शेतातलं सगळं तीच ओढत होती.

त्याच महिन्यात तळ्याची ओढ आली. पाणी कमी झालं की अख्खा मोहल्ला मिळून मोठं जाळं ओढतो. घरटी एक माणूस दोरीला लागतो आणि घरटी एक वाटा मिळतो. जुना नियम. मी फोटो काढायला गेलो होतो. दोरीला सगळे लागले, शालिकच्या घराची जागा रिकामी. तो पाळीवर, तळ्याच्या बांधावर उभा, पांढरे मोजे घालून. त्याचे खांदे मात्र हलत होते. पाण्यातले लोक एका तालात हेल काढून दोरी ओढायचे तेव्हा हा पाळीवर नुसता मागेपुढे व्हायचा.

एक मोजा त्यानं काढलासुद्धा. मी ओरडलो, "शालिक! बारा दिवस राह्यले!"

त्यानं मोजा परत चढवला. मग वच्छलानं लुगडं खोचलं आणि ती पाण्यात उतरली. मोठ्या जाळ्याच्या दोरीला बाई लागलेली मी तरी त्याआधी पाहिली नव्हती. कोणी हसलं नाही. सगळे थोडे सरकले आणि तिला जागा दिली.

वाटा घरी आला, रस्सा झाला. शालिकनं वाढलं तर कौसल्याबाईनं ताट दूर सरकवलं. म्हणाली, "सुनेनं दोरी धरली, सुनेचा वाटा हाय. लेकानं वाढला, मी नाई खात." शालिकनं ताट उचललं आणि वच्छलाच्या हाती दिलं. वच्छलानं वाढलं तेव्हा म्हातारी जेवली. शालिकच्या ताटातलं मात्र तसंच राहिलं.

मी खाल्लं हो, दोन वेळा मागून घेतलं. फोटोवाल्यानं दोरी धरावी असा काही नियम नाही. पण तो बारा दिवसांचा आवाज मी उगाच दिला असं मला अजूनही वाटतं. त्या दिवशी त्याला पाण्यात जाऊ द्यायला पाहिजे होतं.

बारा दिवसांनी नागपूरला दहाही बोटं हिरवी.

निघताना तो आईच्या पाया पडला. म्हातारीनं त्याचं बोट पकडून ठेवलं. "तीन वर्सं म्हनतो ना, तीन वर्सांनी ये. मले तुयं तोंड दिसत नाई. मी हात पाहीन."

* * *

तिथून त्याचा व्हिडिओ कॉल माझ्या दुकानातच यायचा, रविवारी. वच्छला आणि म्हातारी बाकावर बसायच्या, मी मोबाइल धरायचा. पहिल्या कॉलला मी विचारलं, "काय मंग रिगरसाहेब, गाठी पाहून चाट पडले का लोक?"

"कायच्या गाठी भाऊ!" शालिक म्हणाला. "इथी सगळं लोखंडाचं हाय, हुक अन् कड्या. गाठ मारूच देत नाईत. एकदा मी मारली तं सेफ्टीवाल्यानं कापून फेकली."

ज्या गाठीवर परमिट मिळालं ती गाठ तिथे मारायची बंदी! आम्ही हसलो. तो नाही हसला.

पुढे त्याला बढती मिळाली. क्रेनवाल्याला खालून हातानं इशारे करायचे, आणखी वर, थोडं डावीकडे, बस. दिवसभर मोजे घालून इशारे. आणि परमिट नवीन करायचं झालं की पुन्हा दहा बोटं. मशीननं ओळखलं नाही तर सरळ घरी. त्याची त्याला अशी धास्ती की तो रोज ग्लिसरीन चोळायचा. मला दाखवायचा बाटली, "पाहा भाऊ, तुमी सांगतलं तसं करून राह्यलो."

आणि मी म्हणायचो, "शाब्बास!"

पल्लवीचं पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं. तीन वर्षांची चार झाली, चाराची सहा, शालिक काही आला नाही. त्याच्या फोटोमागोमाग मोहल्ल्यातले अकरा जण त्या निळ्या शर्टात बसून गेले. सगळ्यांच्या फॉर्मवर ट्रेड रिगर. सगळ्यांना ग्लिसरीन मीच सांगितलं. आता तळ्याच्या ओढीला दोरीवर बायाच जास्त असतात.

* * *

मग जमाना बदलला. रिगर नको, आता तिकडे म्हातारे सांभाळणारे पाहिजेत. पल्लवी नर्सिंग शिकून तयार. एक दिवस ती फोटोला आली, सोबत कौसल्याबाई. मी शर्ट काढून दिला. बापाला सैल होत होता, तिला तर त्यात दोन पल्लव्या मावल्या असत्या. चिमटे लावले.

म्हातारी बाकावरून म्हणाली, "कुठी चालली वो पोट्टी?"

"दूर, आजी. तिथी म्हाताऱ्या मानसाईची सेवा कराची हाय. जेवू घालाचं, हात धरून फिरवाचं."

"त्याईचे लेकरं कुठी गेले?"

"कामाले जातेत आजी. घरी कोनी नसते."

कौसल्याबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बेस हाय. जा. त्याईले मासे काटे काढून देजो."

मी कॅमेऱ्यामागे होतो म्हणून बरं. पल्लवीचा तो फोटो हलला, दुसरा काढावा लागला.

* * *

गेल्या वर्षी म्हातारीनं अंथरूण धरलं. मी शालिकला फोन केला. पल्लवीला यायला मिळालं नाही, त्याला मिळालं.

गाडीतून उतरला तो आधी दुकानात आला, बॅग ठेवायला. अंगानं भरलेला, बूट घातलेला. मी चहा सांगितला. टेबलावर ऑनलाइन फॉर्मांसाठीचं माझं ठशांचं मशीन होतं. व्हिसाला लाल दिवा लागल्यावर यानं त्यावर कितीदा अंगठा घासला होता आणि दर वेळी लाल! तो माझ्याकडे पाहून हसला आणि सहज बोट टेकवलं.

टिंग! हिरवा.

"पाह्यलं का भाऊ!" शालिक म्हणाला.

मी मूर्ख, मी टाळी दिली त्याला. बाकावरच्यांना ओरडून सांगितलं, "पाहा, मी सांगितलं होतं ना, रेघा वापस येतात!"

मग त्याला स्कूटरवर घेऊन गावात गेलो. पूर्ण रस्ता तो एकच विचारत होता, "बोलते ना भाऊ? मानूस ओळखते ना?" मी म्हणत होतो, ओळखते, ओळखते, चल.

दारात वच्छला उभी होती. तिनं नुसती बाजू दिली. आत खाटेवर कौसल्याबाई, एवढीशी झालेली. शालिक बूट न काढताच खाली बसला.

"माय, मी आलो वो."

म्हातारीचं तोंड एकदम उजळलं. आवाज बरोबर ओळखला. "आला का रे शालिक? लय दिस लावले. हात दे."

शालिकनं उजवा हात तिच्या हातात दिला. तिनं पंजा चाचपला. पहिलं बोट धरलं, त्यावरून आपला अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग बोट सोडून दिलं आणि अंथरुणावर इकडेतिकडे शोधू लागली.

"शालिक, तुया हात दे ना बापा," म्हातारी म्हणाली. "हा कोनाचा देऊन राह्यला?"